झोफोस: नव्या करारात पाचदाच येणारा काळोख

नव्या करारात अंधारासाठी नेहमी येणारा ग्रीक शब्द म्हणजे स्कोतोस, आणि त्याचंच जवळचं रूप स्कोतिया. दोन्ही मिळून चाळीसहून जास्त वेळा भेटतात. रात्रीचा अंधार, मनाचा अंधार, येशू वधस्तंभावर असताना भर दुपारी पडलेला अंधार, सगळं त्यांतच मावतं. झोफोस मात्र फक्त पाच ठिकाणी आहे: पेत्राच्या दुसऱ्या पत्रात दोनदा (2:4 आणि 2:17), यहूदाच्या पत्रात दोनदा (ओवी 6 आणि 13) आणि इब्री लोकांस पत्रात एकदा (12:18). चारही शुभवर्तमानांत तो नाही, पौलाच्या पत्रांत नाही, प्रकटीकरणातही नाही. उच्चार करताना 'झाड'मधला झ घ्यावा, 'झेंडा'मधला नाही.

आणखी एका ठिकाणी तो नाही, आणि ते जास्त महत्त्वाचं. जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, ज्याला सेप्टुअजिंट म्हणतात, त्यात झोफोस येत नाही. नव्या कराराच्या लेखकांचा बहुतेक धार्मिक शब्दसाठा त्या भाषांतरातून आलेला आहे. एखादा शब्द तिथे नसेल तर त्याचा अर्थ दुसरीकडे शोधावा लागतो. झोफोसच्या बाबतीत हा शोध आपल्याला थेट प्राचीन ग्रीक कवी होमरच्या इलियड आणि ओडिसी या महाकाव्यांत घेऊन जातो.

कोशात झोफोसपुढे 'निबिड अंधार', 'काळिमा' असे अर्थ दिलेले असतात. ते चुकीचे नाहीत, पण वाचणाऱ्याचा एक समज करून देतात: स्कोतोस म्हणजे साधा अंधार, झोफोस म्हणजे त्याहून जास्त काळा. ग्रीक वापर पाहिला तर ही चढती भाजणी टिकत नाही. होमर झोफोसला जे विशेषण पुन्हा पुन्हा लावतो त्याचा अर्थ 'धुकट' असा आहे. म्हणजे होमरचा झोफोस काळाकुट्ट असण्यापेक्षा गढूळ, कोंदट आहे. तो ओळखायचा तो त्याच्या ठिकाणावरून.

इलियडच्या पंधराव्या सर्गात समुद्रदेव पोसायडन जगाची वाटणी कशी झाली ते सांगतो. तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. पोसायडनला समुद्र आला, झ्यूसला आकाश, आणि हेडीसच्या वाट्याला झोफोस आला. इथे झोफोस म्हणजे उजेड नसण्याची अवस्था नाही, समुद्र आणि आकाशाच्या तोडीचा एक मुलूख आहे. ओडिसीच्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या दाराशी पोचतो, तेव्हा त्याचाच एक सोबती, छपरावरून पडून मेलेला एल्पेनॉर, त्याच्या आधी तिथे हजर असतो. ओडिसियस त्याला विचारतो की तू या धुकट झोफोसखाली आलास कसा. शब्दशः 'झोफोसखाली': ग्रीकमध्ये हिपो झोफोन. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

होमरमध्ये झोफोस ही एक दिशासुद्धा आहे. इलियडमधला ट्रॉयचा योद्धा हेक्टर शकुन उडवून लावताना म्हणतो की पक्षी उजवीकडे पहाटेकडे नि सूर्याकडे जावोत किंवा डावीकडे झोफोसकडे, मला पर्वा नाही. म्हणजे पश्चिम. ओडिसियसच्या इथाका बेटाची जागा सांगतानाही हीच जोडी येते: ते झोफोसच्या बाजूला, बाकीची बेटं पहाटेच्या बाजूला. सूर्य पश्चिमेला बुडतो, जमिनीच्या कडेखाली जातो, आणि मृतांचा देशही तिकडेच, खाली. दिशा आणि पाताळ हे दोन अर्थ असे एकाच चित्रातून निघतात.

होमरनंतरचा ग्रीक कवी हेसिअड. बायबलमधला झोफोस समजायला मला सगळ्यात उपयोगी वाटतात त्या त्याच्या थिऑगनी या देवांच्या जन्मकथा सांगणाऱ्या काव्यातल्या साधारण 715 ते 730 या ओळी. देवांनी युद्धात हरवलेल्या टायटनांना, म्हणजे आधीच्या पिढीतल्या देवांना, बेड्या घालून जमिनीखाली धाडलं जातं. किती खाली? पितळी ऐरण आकाशातून सोडली तर नऊ दिवस नि नऊ रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी जमिनीला लागेल. जमिनीपासून तार्तारोस या पाताळातल्या खोल जागेपर्यंत पुन्हा तेवढंच अंतर. तिथे, झ्यूसच्या इच्छेने, टायटन 'धुकट झोफोसखाली' लपवून ठेवले आहेत. बंडखोर दैवी जीव, बेड्या, खोल जागा, झोफोस. आता यहूदाच्या पत्रातली सहावी ओवी पाहा: ज्या देवदूतांनी आपलं अधिकारपद राखलं नाही, आपलं राहण्याचं ठिकाण सोडलं, त्यांना महान दिवसाच्या न्यायासाठी सार्वकालिक बंधनांत, हिपो झोफोन, राखून ठेवलं आहे. तेच दोन शब्द. विभक्तीही होमरचीच.

यहूदाने हेसिअड समोर ठेवून लिहिलं असं यातून सिद्ध होत नाही. ही शब्दयोजना ग्रीक शिकलेल्या कुणाच्याही कानावर असायची. त्याची गोष्ट मात्र यहूदी आहे आणि तिचा मूळ ग्रंथही ओळखता येतो: हनोखाचं पुस्तक. यहूदा आपल्या चौदाव्या नि पंधराव्या ओवीत त्याच पुस्तकातलं वाक्य हनोखाचं नाव घेऊन देतो. त्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात अपराधी दूताचे हातपाय बांधून त्याला अरण्यातल्या खड्ड्यात टाकायला सांगितलं आहे. वर धारदार, खडबडीत दगड टाकायचे, अंधाराने झाकायचं, तोंडही झाकायचं, उजेड दिसता कामा नये. त्याच्या साथीदारांना सत्तर पिढ्या बांधून ठेवायचं. या पुस्तकाचे अरामी तुकडे मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत मिळाले, आणि ग्रीक भाषांतराचा मोठा भाग 1886-87 मध्ये इजिप्तमधल्या अखमीम इथल्या एका थडग्यातून बाहेर आला. त्या ग्रीक मजकुरात दहाव्या अध्यायात अंधारासाठी शब्द आहे तो साधा स्कोतोस. म्हणजे कथा हनोखाची, पण झोफोस ही यहूदाची निवड. त्याने यहूदी कथेतल्या तुरुंगाला ग्रीक कानाला तत्काळ ओळखू येईल असं नाव दिलं.

याच ओवीत एक बारकावा आहे आणि मराठीत तो सहज उतरतो. ग्रीक क्रियापद तेरेओ म्हणजे राखणे, सांभाळणे. यहूदा ते लहानशा पत्रात पाचदा वापरतो. पहिल्या ओवीत विश्वासणारे 'राखलेले' आहेत. सहाव्यात दूतांनी आपलं पद 'राखलं नाही', म्हणून देवाने त्यांना अंधाराखाली 'राखून ठेवलं'. तेराव्यात खोट्या शिक्षकांसाठी झोफोस 'राखून ठेवला' आहे. एकविसाव्यात वाचकांना सांगितलं आहे की स्वतःला देवाच्या प्रीतीत 'राखा'. भाषांतरात एका ठिकाणी 'राखणे', दुसरीकडे 'सांभाळणे', तिसरीकडे 'नेमून ठेवणे' असं केलं की ही वीण उसवते. झोफोसचा अर्थ या वीणीतूनही कळतो: तो अंतिम शिक्षा नाही, न्यायाच्या दिवसापर्यंतची कोठडी आहे. निदान सहाव्या ओवीत तरी तसंच आहे. तेराव्यात मात्र 'सर्वकाळासाठी' असा शब्द येतो आणि कोठडीचं रूपांतर निकालात होतं.

आता पेत्राचं दुसरं पत्र, 2:4. ही ओवी यहूदाच्या सहाव्या ओवीची सख्खी बहीण आहे. इथे दूतांना 'तार्तारोसमध्ये टाकून' झोफोसच्या स्वाधीन केलं आहे. 'तार्तारोसमध्ये टाकणे' हे क्रियापद नव्या करारात फक्त याच ठिकाणी आहे. अनेक भाषांतरांत इथे 'नरक' दिसतो आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या गेहेन्नासाठीही 'नरक'च दिसतो. वाचकाला ती एकच जागा वाटते. गेहेन्नाला आगीचं वर्णन आहे. तार्तारोस ही टायटनांची खोल कोठडी. झोफोस तार्तारोसच्या सोबतीला येतो, गेहेन्नाच्या नाही.

पण याच ओवीत हस्तलिखितांचं भांडण आहे. ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळा फरक एका अक्षराचा. काही हस्तलिखितांत सेइराइस झोफू आहे, म्हणजे 'झोफोसच्या साखळ्यांनी'. सिनाई, व्हॅटिकन आणि अलेक्झांड्रिया या मोठ्या, जुन्या हस्तलिखितांत सेइरोइस आहे, म्हणजे 'खड्ड्यांत'. अल्फाच्या जागी ओमिक्रॉन, एवढंच. या दुसऱ्या शब्दाचं मूळ रूप सिरोस. 'एइ' आणि 'इ' यांचा उच्चार त्या काळी सारखाच झाला होता, त्यामुळे स्पेलिंगची सरमिसळ व्हायची. सिरोस म्हणजे कुठलाही खड्डा नव्हे. धान्य साठवायची जमिनीखालची जागा. ग्रीक वक्ता डेमोस्थेनिसच्या एका भाषणात थ्रेस भागातल्या अशा सिरोसमधल्या भरड धान्याचा उल्लेख आहे. इंग्रजी भाषांतरांत तिथे नुसतं 'खड्डे' लिहितात. मराठीत नेमका शब्द आहे: पेव. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं प्रसिद्ध आहेत. तोंड अरुंद, पोट रुंद, वरून बंद, आत उजेडाचा मागमूस नाही. खड्ड्यांचा पाठ (म्हणजे हस्तलिखितातली ती शब्दरचना) ज्याला पटतो त्याने मराठीत 'काळोखाच्या पेवांत' असं लिहावं. मूळ शब्दाच्या इतकं जवळ दुसरं काही जाणार नाही.

पण पाठ कोणता खरा? दोन्ही बाजूंनी चूक कशी झाली असेल ते सांगता येतं. 'पेवांत' मूळ असेल तर नकलणाऱ्याला यहूदाच्या ओवीतली 'बंधनं' आठवली आणि त्याने साखळ्या केल्या. 'साखळ्यांनी' मूळ असेल तर काळोखाची साखळी कशी असेल, असं वाटून कुणीतरी तिचं पेव केलं. मला दुसरी शक्यता जास्त पटते. एक तर या पत्राची आपल्याकडे असलेली सगळ्यात जुनी प्रत, पपायरस 72, साखळ्यांच्या बाजूची आहे. दुसरं, काळोखाची साखळी हे चित्र ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांना नवं नव्हतं. शलमोनाच्या नावावरच्या ज्ञानग्रंथात (तो कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही) 17:17 मध्ये मिसरी लोक तीन दिवसांच्या अंधारात 'अंधाराच्या एकाच साखळीने' बांधले गेले असं म्हटलं आहे. नेस्ले-आलांड या प्रमाण ग्रीक आवृत्तीतही साखळ्याच आहेत. तुमच्या हातातल्या बायबलमध्ये 'खड्डे' किंवा 'गर्ता' असेल तर भाषांतरकार चुकला असं समजू नका. त्याने दुसरा पाठ घेतला आहे. 1881 च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने तोच घेतला होता.

यहूदा 13 आणि 2 पेत्र 2:17 या ओव्या शेजारी ठेवून वाचल्या की एक गंमतशीर खूण सापडते. यहूदा खोट्या शिक्षकांना चार उपमा देतो: पाणी नसलेले ढग, फळ नसलेली झाडं, फेसाळणाऱ्या लाटा, आणि भटके तारे, 'ज्यांच्यासाठी अंधाराचा झोफोस सर्वकाळ राखून ठेवला आहे'. भटके तारे म्हणजे ग्रह. ग्रहासाठीचा ग्रीक शब्दच 'भटकणारा' असा आहे. इथे पुन्हा हनोख मागे उभा आहे, कारण त्याच्या अठराव्या अध्यायात ठरल्या वेळी न उगवलेल्या ताऱ्यांना बांधून ठेवलं आहे. ताऱ्याला शिक्षा म्हणून काळोख, हे चित्र चपखल बसतं. पेत्राच्या पत्रात उपमा बदलल्या आहेत: पाणी नसलेले झरे आणि वादळाने हाकललेलं धुकं. तारे गायब. पण त्यांच्या मागचं वाक्य, 'ज्यांच्यासाठी अंधाराचा झोफोस राखून ठेवला आहे', तसंच राहिलं आहे. झऱ्यासाठी काळोख राखून ठेवणं हे जरा अधांतरी वाटतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्राने यहूदाचं पत्र वापरलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, त्यामागे अशा खुणा आहेत.

'अंधाराचा झोफोस' या रचनेत झोफोस आणि स्कोतोस दोन्ही एकत्र आहेत. इथे मात्र कोशातला 'निबिड' हा अर्थ बऱ्यापैकी चालतो, कारण जागा किंवा दिशा सांगणारा दुसरा शब्द सोबत नाही. तरीही 'राखून ठेवला आहे' यामुळे कोठडीचा वास जात नाही.

राहिला इब्री लोकांस पत्राचा 12:18. इथे देखावा पूर्ण वेगळा आहे: सिनाय पर्वत, आग, वादळ. लेखक जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 4:11 मधून शब्द उचलतो. सेप्टुअजिंटमध्ये तिथे स्कोतोस, ग्नोफोस, थिएल्ला अशी तिकडी आहे: अंधार, काळा मेघ, वावटळ. निर्गम 10:22 मध्ये मिसरातल्या अंधारासाठीही हीच तिकडी वापरली आहे. इब्री पत्राचा लेखक स्कोतोस काढतो आणि ग्नोफोसला जोडून झोफोस ठेवतो: ग्नोफो काय झोफो काय थिएल्ले. मोठ्याने म्हणून पाहा, यमक जुळतं. नव्या करारातलं सगळ्यात घडवलेलं ग्रीक या पत्राचं आहे आणि हा बदल कानासाठी केलेला दिसतो. पुढच्या काळात नकलणाऱ्यांनी जुन्या कराराशी जुळावं म्हणून झोफोसच्या जागी स्कोतोस परत आणला, आणि मध्ययुगीन प्रतींच्या मोठ्या गटात तोच राहिला.

यातला ग्नोफोसही नव्या करारात फक्त याच ओवीत आहे. पण त्याचा इतिहास झोफोसच्या उलट. निर्गम 20:21 मध्ये मोशे ज्या काळ्या ढगात शिरतो, 'जिथे देव होता', तो ग्नोफोस. चौथ्या शतकातल्या निसाच्या ग्रेगरीने आणि पुढे अरेओपागसचा डायोनिसिअस या नावाने लिहिणाऱ्याने याच शब्दावर देवाला जाणण्याविषयीचं सगळं चिंतन उभं केलं: डोळ्यांना दिसत नाही, कारण तो सगळ्या जाणण्यापलीकडचा आहे. ग्नोफोस वर, डोंगरावर, देवाजवळ. झोफोस खाली, बेड्यांत. दोघांनाही मराठीत 'निबिड अंधार' म्हटलं की ही उंची-खोली सपाट होते. ग्नोफोससाठी 'काळे मेघ' किंवा 'मेघांचा अंधार' लिहिलं तर निम्मं काम होतं. तिसरा एक दुर्मीळ शब्द प्रेषितांची कृत्ये 13:11 मध्ये आहे, आख्लिस, म्हणजे डोळ्यांपुढे येणारं सावट. अलीम जादूगाराची दृष्टी जाते तेव्हाचा. तो डोळ्यातला अंधार, त्याचा पाताळाशी संबंध नाही.

झोफोसला मराठीत काय म्हणावं? 'पाताळातला काळोख' हे पटकन सुचतं, पण त्यात खोट आहे. आपल्याकडच्या पुराणांत पाताळ हे नागांच्या मण्यांनी उजळलेलं, वैभवाचं ठिकाण आहे; विष्णुपुराणात नारद ते स्वर्गाहून रमणीय असल्याचं सांगतो. जवळचं चित्र ईशोपनिषदात आहे, 'अन्धेन तमसावृताः' लोक, किंवा भागवतातल्या नरकांच्या यादीतला अंधतामिस्र. पण हे शब्द आणले की त्यांच्यासोबत कर्म आणि पुनर्जन्म येतात, जे यहूदाच्या मनात नाहीत. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, सगळं बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम केलं (ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये छापून आलं), ते संस्कृतप्रचुर, दुसऱ्या परंपरेचा भार वाहणारे शब्द टाळण्यासाठीच. ती वाट इथेही योग्य वाटते. यहूदा 6 साठी 'खालच्या काळोखात' किंवा 'काळोखाखाली कोंडून' पुरेसं आहे. 'खाली' हा शब्द सोडू नये. तो ग्रीकमध्ये आहे आणि भाषांतरांत तोच सहज गळतो.

हे स्वतः तपासायचं असेल तर मोबाइलवरच्या काही बायबल ॲपमध्ये स्ट्राँगचे क्रमांक, म्हणजे प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला ठरावीक आकडा, असतात: झोफोस 2217, स्कोतोस 4655, ग्नोफोस 1105, आख्लिस 887. क्रमांकाने शोधा, भाषांतरातल्या शब्दाने नको. 1611 च्या इंग्रजी बायबलने एकट्या झोफोससाठी 'अंधार', 'धुकं' आणि 'काळेपणा' या अर्थांचे तीन वेगळे शब्द वापरले आहेत, आणि त्यांतला 'काळेपणा' इब्री 12:18 मध्ये ग्नोफोसलाही दिला आहे. इंग्रजी शब्दावरून मोजणारा हमखास फसतो. ॲपने 2217 साठी पाचऐवजी चारच ठिकाणं दाखवली तर गोंधळू नका: ते क्रमांक 1611 च्या मागच्या ग्रीक मजकुरावर बसवलेले आहेत आणि त्यात इब्री 12:18 ला स्कोतोस आहे. पाचवं ठिकाण पाहायला नेस्ले-आलांडवर आधारलेला मजकूर उघडावा लागतो.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, झोफोस म्हणजे 'अंधारापलीकडचा अंधार' असं सांगून त्यावर अंतराळातल्या कृष्णविवरांचा वगैरे अर्थ लादणं. 'भटके तारे' शेजारी असल्यामुळे हा मोह होतो. पहिल्या शतकातल्या वाचकाला त्यात बेड्या घातलेले दैवी अपराधी दिसत होते, आणि लेखकाचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. दुसरी, मत्तय 8:12, 22:13 आणि 25:30 मधला 'बाहेरचा अंधार' झोफोस समजणं. तिन्ही ठिकाणी स्कोतोस आहे, आणि चित्रही वेगळं: तिथे मेजवानीच्या उजळलेल्या घरातून माणसाला बाहेर काढलं जातं. दिशा बाहेरची. झोफोसची दिशा खालची.

आजच्या ग्रीकमध्ये झोफेरोस हे विशेषण चालू वापरात आहे. निराशाजनक भविष्याला किंवा परिस्थितीला ते लावतात. त्यातून मागे जाऊन यहूदाचा अर्थ काढता येणार नाही, कारण तिथे मनाची अवस्था उरली आहे आणि कोठडी गेली आहे.